निदानानंतरची पहिली वर्षं

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे असं सांगून झालं की डॉक्टर एका कागदावर पुढचं लिहून देतात. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आठवड्यातून तीनदा, स्पीच दोनदा, जमलं तर बिहेविअर थेरपी रोज, मोबाइल-टीव्ही बंद, प्लेस्कूल सुरू करा. यातलं काय कशासाठी, किती महिने, आणि उपयोग होतोय की नाही हे कोणी कशावरून ठरवायचं, ते त्या कागदावर नसतं. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांचे फोन येतात. कोणी वैद्य सुचवतो, कोणी नवस, कोणी 'आमच्या ओळखीतला मुलगा पूर्ण बरा झाला' म्हणून एखाद्या सेंटरचा नंबर पाठवतो. दुसऱ्या दिवसापासून धावपळ सुरू होते, आणि एकदा ती सुरू झाली की थांबून प्रश्न विचारायला उसंत मिळत नाही. ते प्रश्न धावपळीच्या आधी पालकांच्या हाती असावेत, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

ऑटिझम म्हणजे मेंदूच्या घडणीतला फरक. तो मूल जन्मायच्या आधीपासूनचा असतो आणि आयुष्यभर राहतो, फक्त त्याचं दिसणं वयाबरोबर बदलत जातं. बहुतेक घरांत पहिली काळजी बोलण्याची असते, पण खुणा त्याच्या बऱ्याच आधी असतात. गच्चीवर नेऊन चांदोबा दाखवला की वर्षा-सव्वा वर्षाचं मूल बोटाच्या दिशेने वर बघतं, मग आपल्याकडे वळतं, आपणही बघतोय ना याची खात्री करून घेतं. काही दिवसांनी तेच बोट वर करून आपल्याला चांदोबा दाखवतं. हवं ते मिळवण्यासाठी नव्हे, नुसतं दाखवण्यासाठी दाखवलेलं ते बोट उशिरा आलं किंवा आलंच नाही, हाक मारल्यावर मूल वळत नाही, खोटंखोटं जेवण भरवण्याचा खेळ खेळत नाही, तर वाट बघू नये. कानांची तपासणी लगेच करून घ्यावी आणि बालविकासतज्ज्ञांना गाठावं. आपल्याकडे मात्र 'मुलगे उशिराच बोलतात', 'त्याचे बाबाही चार वर्षांपर्यंत गप्पच होते' या दोन वाक्यांत वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं. ही वाक्यं बोलणारी माणसं प्रेमापोटी बोलत असतात, त्यामुळे त्यांच्याशी वादही घालता येत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाळणी तपासणी करावी असं सांगते. न्यू जर्सीतल्या मराठी घरात वीस प्रश्नांची एम-चॅट प्रश्नावली नेहमीच्या तपासणीतच भरून घेतली जाते. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर ते ऐकून धक्का बसतो, एवढ्याशा पोराला कसलं लेबल लावता म्हणून. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडीत येणारी पथकं आहेत, जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली 'डीईआयसी' म्हणजे लवकर हस्तक्षेप केंद्रं आहेत. योजना चांगली आहे. ती आपल्या जिल्ह्यात कितपत चालते हे त्या जिल्ह्यावर अवलंबून असतं, पण खासगी सेंटरच्या पायऱ्या चढण्याआधी तिथे एकदा विचारावं असं कितीतरी पालकांना कोणी सांगितलेलंच नसतं. भारतातल्या पाच ठिकाणी, त्यात गोवाही होतं, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ऑटिझमचं प्रमाण शंभरात साधारण एक असं आढळलं. म्हणजे प्रत्येक मोठ्या शाळेत, प्रत्येक मोठ्या सोसायटीत अशी मुलं आहेत.

या विषयाचा इतिहास पालकांनी का वाचावा, असा प्रश्न संपादन करताना निघाला होता. माझं उत्तर असं की त्या इतिहासातल्या चुका अजून आपल्या घरांत राहतात. मॉस्कोत काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२० च्या दशकातच अशा मुलांची वर्णनं लिहिली होती, पण जगाने ती वाचली नाहीत. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझमला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र जागा मिळाली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांचा निबंध आला. इथवर ठीक होतं. मग मानसविश्लेषणाचा काळ आला आणि दोष आईच्या पदरात पडला. थंड, मायेचा ओलावा नसलेल्या आईमुळे मूल स्वतःत मिटून जातं, असं शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम सांगत राहिले. त्यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' १९६७ चं. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, हा सगळा डोलारा पुराव्यानिशी खोडून काढला होता आणि ऑटिझमचं मूळ शरीरात शोधायला हवं असं मांडलं होतं. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दाखवला. १९७९ मध्ये लंडनच्या लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी दाखवलं की कॅनरच्या चौकटीत न बसणारी, पण तशाच अडचणी असणारी पुष्कळ मुलं आहेत. लोर्ना विंग याही एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या. आजचा 'स्पेक्ट्रम' त्या कामातून आला, आणि २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेत आधीची वेगवेगळी नावं जाऊन एकच निदान उरलं.

बेटलहाइमचं नाव आज आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही. पण 'आई नोकरीला जाते', 'गरोदरपणात फार टेन्शन घेतलंन', 'मोबाइल हातात देऊन बसवलं' ही वाक्यं दिवाणखान्यात अजून ऐकू येतात, आणि ती बापाला उद्देशून क्वचितच असतात. स्क्रीनबद्दल स्पष्ट सांगतो. लहान मुलाचे तासन्तास स्क्रीनपुढे गेले तर माणसांशी देवाणघेवाणीचा वेळ जातो, म्हणून स्क्रीन कमी करावा, हे खरं. त्याने ऑटिझम होतो, हे खरं नाही. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे निदान ना डीएसएममध्ये आहे ना जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत. लशींचंही तसंच. १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेला, गोवराच्या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा बारा मुलांवरचा निबंध त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. गोवराची लस चुकवू नये.

आता उपचारांच्या घराण्यांकडे. सर्वांत जुनं आणि सर्वांत वादाचं घराणं वर्तनवाद्यांचं, म्हणजे 'एबीए'. कॅलिफोर्नियातल्या इवार लोवास यांनी कौशल्यांचे बारीक तुकडे करून, टेबलाशी बसवून, बरोबर केलं की बक्षीस अशा पद्धतीने मुलांना शिकवलं. त्यांच्या १९८७ च्या निबंधाने जग हललं. आठवड्याला ४० तास, दोन वर्षं किंवा अधिक उपचार मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं साध्या शाळेत पहिली पूर्ण करून सर्वसाधारण बुद्ध्यांकापर्यंत पोचली, असा तो दावा होता. आज पुण्या-मुंबईच्या सेंटरमध्ये पालकांना जो 'चाळीस तास' हा आकडा ऐकवला जातो तो इथून आलेला आहे. दोन गोष्टी त्याच्यासोबत सांगितल्या जात नाहीत. मुलांची विभागणी त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. आणि त्या पद्धतीत मुलावर ओरडणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हेही होतं. आजचं चांगलं एबीए त्यापासून खूप दूर आलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण त्या पद्धतीत लहानपण गेलेले अनेक ऑटिस्टिक प्रौढ आज लिहितात की आम्हाला डोळ्याला डोळा भिडवायला, हात न हलवायला शिकवलं, आणि त्यातून आम्ही मुख्यतः आपलं अवघडलेपण लपवायला शिकलो. ही तक्रार थेरपीच्या विरोधकांची म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांची ती साक्ष आहे.

नॉर्थ कॅरोलिनात एरिक शोप्लर यांनी १९७० च्या दशकात 'टीच' कार्यक्रम उभा केला तो अगदी वेगळ्या समजुतीवर. पालक हे सहउपचारक, आणि मुलाला बदलण्याआधी त्याच्याभोवतीचं वातावरण समजण्याजोगं करायचं. आता काय, नंतर काय, कधी संपणार, हे चित्रांतून आधी कळलं तर मुलाची निम्मी घालमेल कमी होते. आज विशेष शाळांच्या भिंतींवर दिसणारे चित्रांचे तक्ते मुख्यतः या घराण्याची देणगी. स्टॅन्ली ग्रीनस्पॅन आणि सेरेना वीडर यांच्या 'फ्लोरटाइम'मध्ये मोठ्या माणसाने जमिनीवर बसायचं आणि मूल जे करतंय त्यात शिरायचं. कल्पना मोहक आहे. तिच्या बाजूचा पुरावा एबीएइतका मोठा नाही, पण अनेक आयांना मुलाशी पहिल्यांदा खेळता आलं ते याच मार्गाने, हेही मी पाहिलेलं आहे.

गेल्या वीस वर्षांत ही घराणी एकमेकांत मिसळली. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचं 'अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल' वर्तनवाद्यांची शिस्त घेतं, पण शिकवतं खेळात, अंघोळीत, जेवणात. त्यांच्या २०१० च्या चाचणीत दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं होती आणि दोन वर्षांनी भाषा-आकलनात फरक दिसला. मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांनी 'पॅक्ट' नावाने आणखी साधी वाट काढली. आई-बाबा मुलाशी खेळतानाचा छोटा व्हिडिओ घ्यायचा आणि थेरपिस्टबरोबर बसून तो पालकांनीच बघायचा. मुलाने कुठे इशारा केला, आपण तो कुठे पकडला, कुठे आपल्याच नादात प्रश्नांची फैर झाडली, हे दिसतं. मग रोज घरी अर्धा तास तसाच सराव.

ही वाट आपल्याला महत्त्वाची वाटण्याचं खास कारण आहे. गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेने आणि रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांनी तिचं दक्षिण आशियाई रूप तयार केलं. तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं, पंधरा दिवसांनी एक अशी सहा महिन्यांत बारा सत्रं ठेवली, आणि ६५ मुलांवर रीतसर तुलनात्मक चाचणी घेतली. २०१५ मध्ये निकाल आले: पालकांचं मुलाच्या लयीत उत्तर देणं बरंच वाढलं, मुलांनी आपणहून संवाद सुरू करणंही वाढलं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला. संशोधकांनी तेही छापलं, म्हणून त्या कामावर माझा विश्वास अधिक बसला. गडहिंग्लज किंवा परभणीच्या कुटुंबाला पुण्यात खोली भाड्याने घेऊन राहणं परवडत नाही. त्यांच्यासाठी ही चाचणी लोवासच्या निबंधापेक्षा उपयोगाची आहे.

स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी ही घराणी नव्हेत, व्यवसाय आहेत. त्यांत निरनिराळ्या विचारांची माणसं भेटतात. ओटीच्या खोलीतले झोके, बोळे, ब्रश हे जीन एअर्स यांच्या संवेदनांच्या एकात्मीकरणाच्या विचारातून आले. कुकरची शिट्टी सहन न होणाऱ्या, वरण-भाताशिवाय कशाला तोंड न लावणाऱ्या मुलाला त्या नजरेने बघितलं तर 'हट्टी' हा शब्द गळून पडतो, ही त्या विचाराची मोठी देणगी. पण वर्षभर झोका खेळून मुलाचा डबा, कपडे, झोप यांत काही फरक पडला नसेल तर प्रश्न विचारायलाच हवा. बोलण्याच्या बाबतीत एक भीती पुसून टाकावीशी वाटते. चित्रांची कार्डं किंवा टॅबवरचं संवादाचं ॲप दिलं की मूल बोलायचंच सोडेल, असं पालकांना वाटतं. अभ्यास याच्या उलट सांगतात. बोलणं त्याने अडत नाही, थोडं वाढतंही. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' यासाठीच आहे.

दुसरी चूक आपल्या शहरी घरांत जोरात चालते. शाळा इंग्रजी, थेरपी इंग्रजी, म्हणून घरी मराठी बंद करा, मूल गोंधळतं, असा सल्ला दिला जातो. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाची भाषा मागे पडते याला संशोधनात आधार मिळालेला नाही. आणि ज्या आजीकडे मूल दिवसभर असतं तिला इंग्रजीत फक्त 'सिट', 'कम', 'नो' एवढंच म्हणता येतं. बडबडगीतं, लटका राग, कौतुक, हे सगळं तिच्याकडे मराठीतच आहे. त्या घरातून मराठी काढली की मुलाच्या वाट्याला फक्त हुकूम उरतात.

मग पुरावा एकंदरीत काय सांगतो? मायकल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी २०२० पासून लहान ऑटिस्टिक मुलांवरच्या शेकडो अभ्यासांची एकत्र छाननी केली. कडक निकष लावले की बरेच मोठे दावे लहान होतात. खेळातून, मुलाच्या पुढाकारातून शिकवणाऱ्या पद्धती त्यातल्या त्यात टिकतात. २०२४ मध्ये त्याच गटाने तासांचा प्रश्न तपासला: जास्त तास दिले की जास्त फायदा, असा संबंध आढळला नाही. सॅली रॉजर्स यांच्या २०२१ च्या चाचणीत आठवड्याला १५ तास आणि २५ तास, डेन्व्हर मॉडेल आणि नेहमीचं एबीए, अशा जोड्या लावून ८७ मुलं बघितली. वर्षाअखेर एकंदरीत फरक निघाला नाही. ज्या बापाने चाळीस तासांसाठी कर्ज काढलं किंवा ज्या आईने ते जमत नाही म्हणून स्वतःला दोष दिला, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

हे आत्ताच सांगण्याची निकड आहे, कारण बाजार वाढला आहे. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांत एक असं नोंदलेलं प्रमाण २०२२ च्या नोंदींत ३१ मध्ये एक झालं. त्यातला मोठा वाटा रुंदावलेल्या व्याख्येचा आणि वाढलेल्या जाणिवेचा आहे. आपल्याकडेही निदानं वाढली आणि गल्लोगल्ली बोर्ड लागले. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी राज्याची वेगळी परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारणं हा उद्धटपणा नव्हे. स्टेम सेलची इंजेक्शनं लाखो रुपये घेऊन ऑटिझमसाठी दिली जातात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर मान्य चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. हायपरबॅरिक ऑक्सिजन, शरीरातले जड धातू काढण्याचं चिलेशन, ग्लूटेन-दूध बंद, सुवर्णप्राशन: यांपैकी कशाचाही ऑटिझमवर उपयोग भक्कम चाचणीत सिद्ध झालेला नाही, आणि चिलेशन जीवघेणं ठरलेलं आहे. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. झोप, फिट्स, टोकाची चिडचिड यांवर औषधं आहेत आणि ती गरजेनुसार द्यावीत.

कायद्याची बाजू अलीकडे बरी झाली आहे. १९९५ च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यांत तो आहे. प्रमाणपत्रासाठी 'आयसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. तरी 'कागदावर शिक्का नको' म्हणून पालक वर्षानुवर्षं प्रमाणपत्र काढत नाहीत. हा संकोच मला समजतो. मुलाचा हक्क त्यापेक्षा मोठा वाटतो.

या पुस्तकाची भूमिका लपवलेली नाही. थेरपी निवडताना नावापेक्षा मुलाचा साधा दिवस बघावा असं आम्ही मानतो. उठणं, दात घासणं, खाणं, हवं-नको सांगणं, खेळणं, बाहेर जाणं, झोपणं यांत तीन महिन्यांत काय सोपं झालं? थेरपिस्ट पालकांना खोलीत बसू देते का, काय करतेय ते समजावून सांगते का? मुलाने 'नको' म्हटलं, शब्दांनी किंवा अंग काढून घेऊन, तर ते ऐकलं जातं का? रडत आत जाणारं मूल महिन्याभरानेही रडतच जात असेल तर त्याला 'सवय होईल' म्हणून चालेल का? या प्रश्नांची उत्तरं नकारार्थी येत असतील तर थेरपी बदलणं म्हणजे हार मानणं नव्हे. निवड एकदाच करायची नसते, दर तीन महिन्यांनी करायची असते. आमच्यातल्या सगळ्या लेखकांचं मात्र एकमत नाही. एबीएवर दोन लेख आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. ते भांडण मिटवण्याचा प्रयत्न संपादनात केला नाही. ऑटिस्टिक प्रौढांनी लिहिलेला भाग मुद्दाम सुरुवातीला ठेवला आहे. त्यांच्या लहानपणाबद्दल वाचल्यावर उपचारांची प्रकरणं वेगळ्या नजरेने वाचली जातात.

पुस्तक सहाव्या वर्षाशी थांबतं. शाळेतली शॅडो टीचर, वयात येणं, नोकरी, आईवडिलांनंतर काय, हे विषय एवढे मोठे आहेत की इथे त्यांना धावता हात लावणं म्हणजे फसवणूक झाली असती. सेंटरची यादीही दिलेली नाही, कारण ती छापून होईपर्यंत जुनी होते. पहिल्या भेटीत विचारायच्या प्रश्नांचं पान आहे, ते फाडून घेता येईल असं बांधलं आहे. आजी-आजोबांसाठीचं प्रकरण मोठ्या टायपात आहे आणि त्यात एकही संदर्भ नाही. घरात वाद सुरू झाला असेल तर आधी तेच प्रकरण उघडून त्यांच्या हाती द्यावं, बाकीचं पुस्तक नंतर वाचलं तरी चालेल.